गाण्यामधलं बोलणं

आमच्या त्या गाण्यात मध्येच एक बोलण्याचा तुकडा आहे. दोन कडवी झाली की ड्रम थांबतात, खाली नुसता माझा ऑर्गन उरतो आणि मिल्व्हिया गाणं सोडून बोलायला लागते. त्या काळात इटलीत असा तुकडा नसेल तर कंपनीवाले गाण्याला दारात उभं करत नसत. गाता गाता बाई बोलली की ऐकणाऱ्या बायका रडतात, बायका रडल्या की रेकॉर्ड खपते, एवढं त्यांचं संगीताचं ज्ञान. मला हा प्रकार पहिल्यापासून डोक्यात जायचा. पण चाल माझी, शब्द माझे, तुकडाही मीच लिहिलेला, तेव्हा तक्रार करणार कुणाकडे.

आणि शब्द तरी काय होते? सोडून गेलेल्या माणसाला एक बाई फोनवर विचारते: तिकडे थंडी आहे का, अंगात गरम काही घातलंस का, जेवलास का. मी मिलानला राहायला आलो तेव्हा माझी आई गावाहून फोन करून हेच विचारायची. तेच उचललं आणि गाण्यात टाकलं. त्या उन्हाळ्यात रिमिनीच्या समुद्रकाठी वाळूत तेल चोपडून पडलेली माणसंसुद्धा, घामाच्या धारा लागलेल्या असताना, 'तिकडे थंडी आहे का' म्हणत डोळे पुसत होती. माणसांच्या अकलेबद्दल माझं मत तेव्हापासून जे खाली आलं ते आलंच.

आम्ही चौघं. मिल्व्हिया गायची, ती माझी मावसबहीण. ओरियानो गिटारवर, नेव्हिओ ड्रमवर आणि मी, लेआर्को, ऑर्गनवर. पो नदीच्या काठच्या एकाच गावातले, एकाच चर्चच्या मागच्या खोलीत वाजवायला शिकलेले. नाव 'फानाली', म्हणजे जहाजावरचे दिवे. आमच्या गावाने जहाज कधी पाहिलं नाही ही गोष्ट वेगळी.

गाणं चाललं तसा कंपनीचा सेगालिनी एक दिवस हात चोळत आला आणि म्हणाला, आता हेच स्पॅनिशमध्ये. तेव्हा सगळेच ते करत होते. इटलीत एखादं गाणं गाजलं की त्याला स्पॅनिश शब्द चढवायचे आणि माद्रिदपासून ब्युनोस आयरेसपर्यंत विकायचं. वाद्यं पुन्हा वाजवायची गरज नसे. वाद्यांची फीत तीच ठेवायची आणि वरचा आवाज तेवढा बदलायचा. त्यामुळे ओरियानो आणि नेव्हिओ मासे धरायला गेले आणि मी मात्र मिल्व्हियाबरोबर स्टुडिओत अडकलो, कारण मागचा दुसरा आवाज माझा.

आम्हा इटालियन लोकांना वाटतं, स्पॅनिश काय, आपलीच भाषा, शब्दाच्या शेवटी एक 'स' लावला की झालं. मिल्व्हियाने तसे 'स' लावून गाणं म्हटलं. सेगालिनीने ती फीत मोठ्या रुबाबात माद्रिदच्या माणसाला ऐकवली. तो फोनवर इतका हसला की त्याला खोकला लागला. मग कंपनीने उच्चार शिकवायला बाई शोधली.

देल्फिना आर्रेगी. अर्जेंटिनातल्या रोसारिओ गावची शाळामास्तरीण. तिकडे लष्कराचं राज्य आलं तेव्हा पळून आलेली, आणि मिलानमध्ये एका दंतवैद्याची पोरं सांभाळत होती. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि पिशवीत कायम तो त्यांचा 'माते' नावाचा चहा: वाळवलेल्या भोपळ्याच्या वाटीत हिरवा पाला, वर गरम पाणी आणि चोखायला धातूची नळी. एकच नळी सगळ्यांनी चोखायची. मिल्व्हियाने पहिल्या दिवशी नाक मुरडलं आणि आठवड्याभरात तिला ती वाटी दिसली नाही तर गाणं सुचेना. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो, आणि बाई आम्हाला सोडायची नाही. मोठ्या कागदांवर एकेक अक्षर सुटं करून लिहायची, कागद माइकच्या दांडीला अडकवायची आणि समोर उभी राहायची.

"तुझा माणूस तुला सोडून गेलाय," ती मिल्व्हियाला म्हणायची, "आणि तू वांगी विकतेयस. पुन्हा म्हण."

गाणं जमलं. सुरात असला की माणसाचा परकेपणा झाकला जातो. बोलताना मात्र झाकता येत नाही. तो तुकडा आला की मिल्व्हिया थेट आमच्या गावची कोंबडीवाली व्हायची. अख्खी दुपार आम्ही त्याच्यात घालवली. सेगालिनी घड्याळ बघायला लागला आणि म्हणाला, काढूनच टाकू. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हटलं, बाईलाच बोलू दे ना, चेहरा कुणाला दिसतोय.

बाईने मानेनेच नाही म्हटलं आणि ती जिन्यात सिगारेट ओढायला गेली. परत आली तेव्हा तिने सेगालिनीला विचारलं, हे रोसारिओला वाजेल का, रेडिओवर? तो म्हणाला, चाललं तर सगळीकडे वाजेल, जिथे माणूस राहतो तिथे रेडिओ असतोच. तो फोन करायला बाहेर गेला आणि मग बाईने मला आणि मिल्व्हियाला सांगितलं. तोवर आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तिला एक मुलगी आहे.

मुलगी होर्खेलिना. डॉक्टरकी शिकत होती. तिला लष्कराच्या शिपायांनी कॉलेजच्या दारातून उचललं, आणि ती कुठे आहे हे कुणी सांगत नव्हतं. त्याच संध्याकाळी ते बाईच्या घरीही आले. बाई बहिणीकडे गेलेली, म्हणून वाचली. तिथूनच नदीपलीकडे उरुग्वेत आणि मग इकडे. बहिणीने कुठल्याही ऑफिसात विचारलं तरी म्हणायचे, अशी मुलगी आमच्याकडे नाही. पण कुठे तरी डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवली आहे, एवढं एका सुटून आलेल्याने सांगितलं होतं.

"तिला वाटत असणार, मलाही नेलं," बाई म्हणाली. "ती स्वतःचं काय होईल ते सोसेल. पण माझ्या जिवाची तिला लहानपणापासून काळजी. मी सुटले, एवढं एक तिला कळायला हवं. बाकी मला काही नको. पहारेकरी असतात तिथे रेडिओ असतोच ना?"

असतोच, मी म्हणालो. मला काय ठाऊक होतं? पण तेव्हा ते ऐकताना माझ्या त्या फालतू तुकड्याचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग होणार म्हणून मी आतून हरखलो होतो. हेही सांगून टाकतो.

स्पॅनिश शब्द लिहिणाऱ्याने 'प्रिया' की असलंच काही घातलं होतं. बाईने ते खोडलं आणि तिथे 'पुल्गा' घातलं. पुल्गा म्हणजे पिसू. लेक लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरातलं नाव. सेगालिनीने विचारलं, हे काय, प्रियकराला पिसू? बाई चष्मा पुसत शांतपणे म्हणाली, तिकडे असंच म्हणतात. मिल्व्हियाने हसू येऊ नये म्हणून ओठ चावला.

बाई माइकसमोर उभी राहिली. हेडफोन तिला मोठा होत होता म्हणून तिने तो हाताने धरला. माझा ऑर्गन सुरू झाला आणि ती अगदी हळू, स्वयंपाकघरातून दुसऱ्या खोलीत सांगावं तसं बोलली. "पुल्गा, थंडी आहे का तिकडे? अंगात स्वेटर घाल. जेवून घे. माझी काळजी करू नकोस, मी बरी आहे." एकदाच बोलली. दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही. मिल्व्हिया काचेमागे रडत होती, आणि सेगालिनी म्हणाला, हा आवाज म्हणजे सोनं आहे.

सोनंच निघालं. स्पेनमध्ये गाणं चाललं आणि समुद्रापलीकडे तर लोक वेडे झाले. माद्रिदच्या टेलिव्हिजनवर आम्हाला बोलावलं. तिथे काही खरं गायचं नसतं, रेकॉर्ड लागते आणि आपण ओठ हलवायचे. मिल्व्हियाने बाईच्या बोलण्यावर इतके बेमालूम ओठ हलवले की तो कार्यक्रम इकडे दाखवला तेव्हा बाई मिलानला दंतवैद्याच्या घरी टीव्हीसमोर पोट धरून हसली. मला म्हणाली, माझं तोंड एवढं सुंदर असतं तर मी शाळेत शिकवत बसले असते का?

त्या दिवसांत ती बदलली. अर्जेंटिनाहून कुणी पळून आलं की ती त्याला पहिलं विचारायची, हे गाणं वाजतं का? वाजतं म्हणजे काय, कंटाळा येईपर्यंत वाजतं, ते सांगायचे. बसमध्ये, न्हाव्याकडे, खाटकाकडे. बाई तालमीला येऊन बसायला लागली. वाटी भरायची, फिरवायची, आणि निघताना मला दारात धरून विचारायची, "ऐकलं असेल ना रे?" मी दर वेळी हो म्हणायचो. हो म्हणायला काय जातं.

मग एके दिवशी दुपारी मिर्ता आली. आमची तालमीची जागा एका तळघरात होती. ही पोरगी पायऱ्या उतरून आली, हडकुळी, केस मुलासारखे कापलेले, हातात आमच्या रेकॉर्डचं पाकीट. यात बोलणारी बाई कोण, तिने विचारलं. ओरियानोने मिल्व्हियाकडे बोट दाखवलं. मिर्ताने मिल्व्हियाकडे बघितलं आणि म्हणाली, ही नाही. पुल्गाची आई कोण?

मी तिला समोरच्या कॉफीवाल्याकडे नेलं. तिने कॉफीला हात लावला नाही. सांगायला लागली ती थांबलीच नाही, आणि मला ते सगळं ऐकावं लागलं.

ती आणि होर्खेलिना एकाच जागी होत्या. डोळ्यांवर पट्ट्या, शेजारी शेजारी, बोलायला बंदी. पलीकडच्या खोलीत माणसांना नेऊन जे करायचं ते करत, आणि ओरडणं रस्त्यावर जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा लावत. कधी मोठा, कधी एकदम बंद. एके दिवशी त्या खोलीत कुणीतरी बाई होती. रेडिओ बंद होता. मग तो मधूनच लावला आणि लावला तो नेमका त्या तुकड्यावर. वाद्यं जवळजवळ नाहीतच, भिंतीपलीकडून फक्त एका बाईचा आवाज. पुल्गा, माझी काळजी करू नकोस.

होर्खेलिना ओरडली. पट्टी ओढायला लागली. तिला वाटलं आईला आणलंय आणि पलीकडे आईच आहे. पहारेकरी आला. त्याला आधी काही कळेना, मग कळलं, आणि ती अवलाद हसली. म्हणाला, हो, तुझीच म्हातारी आहे, तिला सोडवायचं असेल तर बोल. इतके दिवस जी पोरगी तोंडातून अक्षर काढत नव्हती तिने एक पत्ता सांगितला. मिर्ताचा भाऊ तिथे लपला होता. त्याला त्याच रात्री घेऊन गेले, आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी गाणं पुन्हा लागलं, पहिल्यापासून, गिटार, ड्रम, सगळं. मिर्ताने कुजबुजत तिला सांगितलं की हे गाणं आहे, नुसतं गाणं. काही दिवसांनी होर्खेलिनाला 'हलवलं'. तिथे हलवलं म्हणजे मारलं, हे आतल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. मिर्ताला पुढे सोडून दिलं, का सोडलं हे तिलाही कळलं नाही.

मी रागीट माणूस आहे, पण त्या दिवशी कुणावर रागवायचं तेच मला समजेना. चाल माझी होती. गिटारही आमची आणि ड्रमही आमचे, गावच्या चर्चमागे शिकलेले. 

मिर्ता म्हणाली, मी शिव्या घालायला आले होते. भावाच्या नावाने त्या बाईच्या तोंडावर थुंकायचं ठरवून आले होते. आता ते होणार नाही माझ्याने. तिला काय सांगायचं?

बाई थोड्या वेळात तालमीला येणारच होती. आम्ही ठरवलं, खोटं बोलायचं नाही, पण निम्मंच सांगायचं. दोघी एकत्र होत्या, गाणं ऐकलं, तब्येत बरी होती, नंतर दुसरीकडे नेलं. एवढंच. मला ते शहाणपणाचं वाटलं.

बाई पिशवी घेऊन खाली उतरली. मिर्ता कुठून आली हे ऐकल्याबरोबर तिने पिशवी ऑर्गनवर ठेवली, एरवी ती असं कधी करत नसे. मिल्व्हियाने खुर्ची दिली, ती बसली नाही.

"ऐकलं तिने?"

"ऐकलं, बाई."

बाईने डोळे मिटले. मग खुर्ची ओढली, बसली, वाटीत पाला भरला, थर्मासमधलं पाणी ओतलं. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं. बरी होती ना? बरी होती. खायला देत होते? देत होते. आता कुठे आहे? दुसरीकडे नेलं. बाईने वाटी मिर्ताच्या हातात दिली.

"ऐकून काय म्हणाली?"

या प्रश्नाची आम्ही तयारी केली नव्हती. मिर्ता खरं बोलणारी पोरगी, तिला पटकन दुसरं काही सुचलं नाही.

"आई, अशी हाक मारली तिने."

बाई हसली. मिल्व्हियाकडे बघून हसली, माझ्याकडे बघून हसली. "बघ, ओळखलं पोरीने," असं काहीतरी पुटपुटली. मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र मिर्तावर थांबले.

"हाक मारली? मोठ्याने?"

मिर्ताने माझ्याकडे बघितलं. तेवढंही पुरलं असतं.

"रेडिओला कुणी हाक मारत नाही, पोरी," बाई म्हणाली.

 बाई स्वतःशी जुळवत होती, शाळेत फळ्यावर गणित सोडवावं तशी, एकेक पायरी. "तिला वाटलं मी तिथेच आहे. पलीकडे. मला काहीतरी करतायत." मग तिने मान वर केली. "मला ताप आला तरी सगळी गल्ली उठवायची ती. गप्प बसली नसणार. काय सांगितलं त्यांना?"

"एक पत्ता."

"कुणाचा?"

"माझ्या भावाचा," मिर्ता म्हणाली.

बाईने मिर्ताचा हात धरला, वाटीसकट.  माफी कुणी मागितली नाही आणि कुणी रडलंही नाही. मग बाईने विचारलं, "नंतर तरी कळलं का तिला, की ते गाणं होतं?"

"दुसऱ्या दिवशी. मीच सांगितलं."

"म्हणजे मी सुटले, हे तिला कळलं."

"कळलं, बाई. मग ते लागलं की ती दोन्ही कान हातांनी दाबून धरायची. ऐकू येऊ नये म्हणून."

बाईने हात सोडला. वाटीतला पाला तिने कागदावर काढला, नळी पुसली, सगळं पिशवीत भरलं. दारापाशी ती माझ्यापुढे थांबली. या वेळी नेहमीचा प्रश्न नव्हता. "तो तुकडा काढून टाक, लेआर्को," ती म्हणाली. मी म्हटलं, काढतो.

मी सेगालिनीकडे गेलो. आधी त्याला थट्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं, आणि त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, नव्या छपाईत मिल्व्हियाचं बोलणं घालू हवं तर, पण जी रेकॉर्ड बाहेर गेली ती गेली, एकेका रेडिओच्या कपाटातून ती कोण काढून आणणार? त्यावर मी टेबल आपटलं, शिव्या दिल्या, पण तो खरंच बोलत होता. आम्ही मिल्व्हियाच्या आवाजात तो तुकडा घेतला. तिकडे कुणी तो वाजवला नाही. लोकांना पहिलाच हवा होता.

पुढच्या वेळी माद्रिदला गेलो तेव्हा टेलिव्हिजनवाल्यांनी जुनीच रेकॉर्ड लावली. तुकडा आला. मिल्व्हियाने ओठ घट्ट मिटले आणि ती कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. मी मुक्या ऑर्गनवर बोटं ठेवून तिच्याकडे बघत होतो. ओठ मिटलेलेच होते आणि बाई बोलत होती. कार्यक्रम संपल्यावर तिथला साहेब म्हणाला, पोरगी घाबरली वाटतं.

बाई तालमीला परत आली नाही. मी दंतवैद्याच्या घरी फोन करतो तेव्हा ती माझ्याशी इटालियनमध्ये बोलते, आमच्या स्पॅनिशसारखंच तोडकंमोडकं, आणि स्पॅनिशमध्ये काही विचारलं तर उत्तर देत नाही. कुणी तिकडून पळून आलं तरी आता काही विचारत नाही. मी विचारतो. गाणं अजून वाजतं का? वाजतं, ते सांगतात. न्हाव्याकडे, बसमध्ये. पहारेकऱ्यांच्या खोल्यांत काय वाजतं ते त्यांना ठाऊक नसतं, मला असतं. दोन कडवी होतात, ड्रम थांबतात, माझा ऑर्गन सुरू होतो. पुल्गा, थंडी आहे का तिकडे? अंगात स्वेटर घाल. जेवून घे. माझी काळजी करू नकोस, मी बरी आहे.